मिरचीच्या पोटातले मित्रजंतू

६ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून लिहायचं. उद्देश पूर्णपणे शास्त्रीय. मनातलं वगैरे काही लिहायचं नाही. तसंही मनात काही नाही.

पार्श्वभूमी अशी. आमचं दूध शीतकरण केंद्र दिवाळीनंतर बंद झालं. मी तिथे लॅब सांभाळत होतो. फॅट, आम्लता, जीवाणू. बंद झालं त्या दिवशी सगळे गेटवर घोळका करून उभे होते, दोघं-तिघं रडलेसुद्धा. मी घरी येऊन जेवलो. बायको, सीमा, विचारत राहिली, काय वाटतंय, काय वाटतंय. काही वाटत नव्हतं. अजूनही नाही. याला मानसिक संतुलन म्हणतात. तिला ते समजत नाही, ती प्राथमिक शाळेत शिकवते.

मी रिकामा आहे असा म्हसावदमध्ये समज आहे. चूक. मी संशोधनाच्या पूर्वतयारीत होतो, फक्त विषय मिळत नव्हता. काल मिळाला.

मिरची खंगत चालली आहे. मिरची म्हणजे आमची कुत्री, रंगाने तांबडी म्हणून मिरची. तशी ती आप्पांची. आई गेल्यापासून आप्पा घरात बोलतात ते बहुतेक तिच्याशीच. खाते भरपूर, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात. शी पातळ, काळपट, चिकट. काल पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. तिथे डॉ. ममता वळवी नव्याने आल्या आहेत. त्यांनी शी मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि म्हणाल्या, हूकवर्म आहेत, आकड्यासारखे जंत, आतड्याला चिकटून रक्त पितात. एक गोळी दिली. आजच द्या म्हणाल्या, काही दिवसांनी दुसरी देऊ.

घरी आल्यावर मोबाईलवर अभ्यास केला. एका शोधनिबंधाचा सारांश सापडला. कुत्र्यांना प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला हितकारक जीवाणू दिले तर आतड्यातल्या जंतांवर परिणाम होऊ शकतो. पूर्ण निबंध उघडत नव्हता. सारांश पुरेसा आहे. त्यात पहिलंच नाव लॅक्टोबॅसिलस. दह्यातला! ज्याच्या संगतीत मी सगळी नोकरी काढली तो!

निर्णय: गोळी द्यायची नाही. गोळी सगळेच देतात. गोळी शर्टाच्या खिशात ठेवली आहे.

८ जानेवारी, बुधवार.

काम सुरू. छबूबाईंच्या म्हशीचं दूध घेतलं. त्या शेजारीच राहतात. कशाला पाहिजे विचारत होत्या. संशोधनाला म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं, पण भांडं परत द्या.

विरजण उत्तम. दुपारी वाटीभर मिरचीपुढे ठेवलं. तिने हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. उठून आप्पांच्या खाटेखाली गेली.

प्राण्याला नव्या गोष्टीसाठी वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी भाकरीत कालवून दिलं. भाकरी खाल्ली, दही ठेवलं. कसं जमवलं कळत नाही. बुद्धी शाबूत आहे, याची नोंद घेतली.

११ जानेवारी, शनिवार.

थंडी फार. सातपुड्याकडून वारं येतंय. दही लागत नाही. जीवाणूंना ऊब हवी म्हणून डबा गोधडीत घेऊन झोपलो. सीमा म्हणाली, एक तर तो डबा किंवा मी. प्रश्न नीट मांडलेला नव्हता. तापमानाचा मुद्दा तिच्या लक्षात आला नाही. ती आतल्या खोलीत झोपायला गेली.

दही उत्तम लागलं.

मिरचीचं तोंड उघडून चमच्याने दोन चमचे घातले. बाकीचं माझ्या अंगावर.

१५ जानेवारी, बुधवार.

तपासणीचा दिवस. मायक्रोस्कोप केंद्रावर अडकला आहे, कुलूप सरकारी आहे. अडून बसायचं नाही. आप्पा पेपर वाचायला भिंग वापरतात ते घेतलं. शीचा नमुना काचेच्या बशीवर पसरून अंगणात उन्हात बराच वेळ पाहिला.

जंतांची अंडी: एकही दिसलं नाही.

म्हणजे शंभर टक्के यश. पहिल्याच टप्प्यात. जरा शांत बसलो. आनंद व्हायला हवा होता. झाला असेल.

डॉ. वळवींना फोन केला. त्या म्हणाल्या, ती अंडी भिंगातून दिसत नाहीत हो पाटील, मायक्रोस्कोप लागतो. आणि विचारलं, गोळी दिली होती ना? मी म्हटलं, उपचार सुरू आहेत. हे खरंच आहे.

नवीन आहेत. शिकतील.

सीमाने काचेची बशी फेकून दिली. आप्पांनी भिंग धुऊन घेतलं, पुन्हा पुन्हा.

१९ जानेवारी, रविवार.

मिरची दिवसभर झोपून. बोलावलं तर शेपूट हलते, पण अंग उठत नाही. जंत मरायला लागले की त्यांचं विष शरीरात उतरतं आणि जनावर काही दिवस मलूल दिसतं. असं मी कुठेतरी वाचलं आहे किंवा मला सुचलं आहे. दोन्ही एकच.

संध्याकाळी आप्पांनी तिचा ओठ वर करून मला दाखवला. म्हणाले, "भरत, देख. हिरड्या पांढऱ्या पडी गयात. गोयी दिन्ही का तू?"

मी म्हटलं, आप्पा, गोळीपेक्षा भारी चालू आहे.

आप्पा म्हणाले, "मी काय इचारी ऱ्हायनू? दिन्ही का?"

मी त्यांना आतड्यातल्या सूक्ष्मजीवांबद्दल सोप्या भाषेत सांगितलं. ते ऐकत होते असं मला वाटलं. नंतर पाहिलं तर मिरचीच्या कानामागे खाजवत बसले होते.

२३ जानेवारी, गुरुवार.

अडचण. सीमाने शर्ट धुवायला घेतला. खिशातून गोळी निघाली, निम्मी विरघळलेली.

ती ओल्या हातात गोळी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मीच बोललो. पुष्कळ बोललो. निबंध, लॅक्टोबॅसिलस, कंपन्यांचा कावा, भविष्यातल्या शक्यता. शेवटी ती म्हणाली, शाळेत आम्ही पोरांना जंतांच्या गोळ्या देतो. दही तर पोरं घरी खातातच. दह्याने जंत गेले असते तर आम्हाला गोळ्या कशाला पाठवल्या असत्या?

या वाक्यात तर्काची चूक आहे. शोधतोय.

ती म्हणाली, उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंकडे जा. जाणार आहेच. आधी रविवारचा कार्यक्रम होऊ दे.

२६ जानेवारी, रविवार.

कार्यक्रम झाला. लिहायचा कंटाळा आलाय, पण शिस्त म्हणजे शिस्त.

झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मी व्याख्यान ठेवलं होतं. विषय: 'गोळीविना जंतमुक्ती, एक देशी प्रयोग'. पोस्टर मी स्वतः रंगवलं. गर्दी बरी होती. जिलेबी माझ्यानंतर वाटायची असं सरपंचांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मिरचीला गळ्यात तिरंगी रिबीन बांधून नेलं. चालवत नव्हतं तिला, त्यामुळे उचलून नेलं. हलकी लागली. पूर्वी उचलताना कंबर धरायची.

मी पाचेक मिनिटं बोललो असेन. प्रयोगाचा नमुना पाहा म्हणून तिला टेबलावर उभं केलं. तिचे पाय थरथरले आणि ती तिथेच टेबलावर हगली. काळं, आणि त्यात लालभडक.

मी म्हटलं, हे शुद्धीकरण आहे, आतली घाण बाहेर पडते आहे. पहिल्या रांगेतून छबूबाई म्हणाल्या, "घाण कसानी भाऊ, हाई रगत शे."

मग खुर्च्या सरकल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर उत्तर तयार होतं. जाताना छबूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आते कोठे बोलश्यात तर मन्हा दूधनं नाव नका ल्या."

जिलेबी बाहेर अंगणात वाटली. मी टेबल पुसलं. मिरची माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला राग येतो की नाही माहीत नाही. रिबीन सोडून खिशात घातली.

मूल्यमापन: श्रोत्यांची तयारी कमी पडली.

२९ जानेवारी, बुधवार.

सीमाच्या आग्रहाखातर दवाखान्यात जाऊन आलो. मिरचीला नेलं नाही, उगाच दगदग.

डॉ. वळवींना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, म्हणजे गोळी दिलीच नाही? मी म्हटलं, मुद्दा तो नाही. त्या म्हणाल्या, मुद्दा तोच आहे. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, प्रोबायोटिक वाईट नाही पाटील. त्यावर काम चालू आहे, काही प्रयोगांत बरं दिसलंय. जंतांचं औषध दिल्यावर आतडं सावरायला त्याचा उपयोग होऊ शकतो. पण जोडीला. ऐवजी नाही. तुमचे जीवाणू सावकाश येऊन बसणार, आणि जंत तर आताच रक्त पितायत.

थोडक्यात, त्यांनी माझा सिद्धांत तत्त्वतः मान्य केला.

म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला. रक्त पाहावं लागेल. तुम्ही येईपर्यंत मी थांबते.

घरी आलो. मिरची झोपली होती. इतकी गाढ झोपली होती की उठवावंसं वाटलं नाही. उद्या नेऊ. आज रात्रीसाठी विरजण जरा घट्ट लावलंय, मात्रा दुप्पट.

३१ जानेवारी, शुक्रवार.

काल नेणं झालं नाही. डबे धुण्यात वेळ गेला.

आज सकाळी मिरची उठलीच नाही. आप्पांनी हाक मारली, भाकरी पुढे धरली. मान उचलली आणि परत ठेवली. सीमा शाळेत गेली होती. आप्पांनी रस्त्यावर जाऊन स्वतः अॅपे रिक्षा थांबवली. त्यांचे गुडघे कसे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या अंगावरच्या शालीत तिला गुंडाळलं आणि मला हाक मारली, "भरत, येक कडंतीन धर."

मी आत दही फडक्यातून गाळत होतो. म्हटलं, आलोच, एक मिनिट.

बाहेर आलो तेव्हा अॅपे गेली होती. रिक्षावाल्याने धरलं असेल दुसरीकडून. मिरचीला गुंडाळलं त्या जागी खाटेवर थोडं रक्त होतं.

दारात उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. डबा हातातच होता. खाली ठेवावा असं सुचलं नाही. छबूबाई तिकडून म्हणाल्या, "जा ना भाऊ तुम्हीबी." मी मान हलवली. गेलो नाही. काही वाटत नव्हतं. लिहितानाही वाटत नाही, फक्त हाताला दह्याचा वास येतोय.

१ फेब्रुवारी, शनिवार.

मिरचीला सलाईन, इंजेक्शनं, जंतांचं औषध. डॉ. वळवी म्हणाल्या, आजचा दिवस निघाला तर बघू. आप्पा रात्रभर तिथे बाकावर होते. मी डबा नेला, जेवणाचा. त्यांनी घेतला. माझ्याशी बोलले नाहीत. मिरचीच्या पायाला पट्टी बांधलेली, नळी लावलेली. आप्पांचा हात तिच्या डोक्यावर.

जाताना मी बरोबर जीवाणूंची बाटली नेली होती. ताजी. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खिडकीत ठेवली, औषधांच्या बाजूला नाही, चहाच्या कपांच्या बाजूला.

ऊन लागेल तिथे तिला. बाटलीला.

५ फेब्रुवारी, बुधवार.

मिरची उभी राहिली! स्वतःच्या पायांवर, भिंतीला टेकून का होईना. पाणी प्यायली.

विचार केला. आतड्यात माझ्या जीवाणूंनी आधीच पाया घालून ठेवला होता, म्हणून औषध इतकं पटकन लागू पडलं. हे स्पष्ट आहे. डॉ. वळवींना व्हॉट्सअॅपवर सविस्तर लिहून पाठवलं. बराच मोठा मेसेज झाला, तुकडे करून पाठवावा लागला. त्यांनी अंगठा पाठवला.

एका तज्ज्ञाची सहमती.

८ फेब्रुवारी, शनिवार.

मिरची घरी आली. अशक्त आहे, पण डोळे लखलखीत. हिरड्यांवर किंचित गुलाबी.

आणि दवाखान्यातून निघताना डॉ. वळवी म्हणाल्या की, आता औषध झालंय, तिला आवडलं तर भातात चमचाभर ताजं दही द्यायला हरकत नाही!

शेवटी विज्ञान जिंकतंच. घरी आल्या आल्या वाटीत भात कालवला, छान मऊ केला, वरून दही. मिरचीसमोर घेऊन गेलो. आप्पा तिच्याजवळ बसले होते. त्यांनी वाटीवर हात ठेवला.

म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

एवढंच. जोरात नाही, रागाने नाही. मी वाटी परत आत नेली. मीच खाल्ला तो भात. मीठ कमी होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

जगदीश गाडी घेऊन आला. माझा धाकटा भाऊ, धानोऱ्याला असतो, नंदुरबारच्या पलीकडे. येणार आहे हे मला माहीत नव्हतं. आप्पांना माहीत होतं. त्यांची पिशवी भरलेली होती.

जगदीश म्हणाला, थोडे दिवस हवापालट. मी म्हटलं, उत्तम. तिकडे हवा कोरडी आहे.

आप्पांनी सीमाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू चांगली शे माय. तुन्हावर राग नही." मी तिथेच उभा होतो, पिशवी धरून. पिशवी गाडीत ठेवली. मग मिरची चढली. तिला उचलावं लागलं नाही. आप्पांच्या पायांपाशी जाऊन बसली.

गाडी वळेपर्यंत पाहिलं. सीमाने विचारलं, थांबवलं का नाहीस? मी म्हटलं, प्रयोगात तुलनेसाठी वेगळं वातावरणही लागतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरात गेली. ती रडत होती असं वाटलं. नळ चालू होता, नीट कळलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

घरात कमालीची शांतता. कामाला अतिशय पोषक वातावरण. आजपासून शोधनिबंध लिहायला घेतला.

शीर्षक लिहिलं.

शीर्षक खोडलं.

झोपलो. उठलो तेव्हा चहाची वेळ झाली होती. आप्पा चहा मागतील म्हणून दोन कप ठेवले. सवय वाईट.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

जगदीशचा फोन येतो सीमाला. मिरची खाते, भुंकते, शेजारच्या बकऱ्यांच्या मागे लागते. दुसरी गोळी झाली. आप्पांनी स्वतः गुळात घालून दिली. माझ्याकडे फोन देऊ का असं सीमाने विचारलं तर आप्पा म्हणाले म्हणे, नंतर.

सीमाने आज जेवताना सांगितलं, तू धानोऱ्याला जा. माफी माग आणि घेऊन ये त्यांना. तिने हे मुलांना शुद्धलेखन सांगावं तसं सांगितलं, एकेक शब्द सुटा.

माफी हा शब्द इथे बसत नाही. मी जाणार आहे ते पाठपुराव्यासाठी. प्रयोगातल्या जनावराची शेवटची पाहणी संशोधकाने स्वतः करायची असते.

२३ फेब्रुवारी, रविवार.

धानोऱ्याला जाऊन आलो.

जाताना शहाद्याला गाडी बदलली, मग प्रकाशाचा पूल, मग नंदुरबार, मग परत दुसरी गाडी. वाटेत सगळं पाठ केलं. आधी प्रयोगाचं महत्त्व. मग त्यातल्या किरकोळ त्रुटी. मग एकंदर उद्दिष्ट चांगलं होतं हे. त्यानंतर, निघू या का आप्पा, असं सहज विचारायचं.

जगदीशच्या अंगणात मिरची उन्हात पडली होती. मला वाटलं ती उठून खाटेखाली जाईल. ती उठली, माझ्याकडे आली, पॅन्ट हुंगली, हात हुंगला, आणि शेपूट हलवायला लागली. पूर्ण ढुंगण हलवत. मग तोंड माझ्या पंज्यात खुपसून उभी राहिली. नाक ओलं, गार.

मी खाली बसलो. अंगणातच, चपला न काढता. बसायचं ठरवलं नव्हतं. तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला तर आता मांस लागत होतं. हात फिरवतच राहिलो. जगदीशची बायको आशा दारात येऊन आत निघून गेली.

आप्पा खाटेवर होते. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, घरी चला."

त्यांनी मिरचीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आठे बरं शे मन्हं. तिन्हंबी." थोड्या वेळाने म्हणाले, "तू येत जाय." आणि अजून थोड्या वेळाने, "डबा नको आनजो."

मी हो म्हटलं.

आशाने चहा दिला. आप्पांनी विचारलं, काही काम लागलं का. मी म्हटलं, बघतोय. सांगायला तर बरंच होतं. पण बघतोय एवढंच बोललो, आणि ते बोललो तेव्हा लक्षात आलं की मी बघतही नाहीये.

स्टँडपर्यंत दोघंही सोडायला आले. आप्पा काठी टेकत, मिरची मध्येच थांबून सगळे खांब हुंगत. गाडी आली तेव्हा आप्पा म्हणाले, "नीट जाय." मिरची माझ्याबरोबर गाडीच्या पायरीपर्यंत आली. पुढचे पाय पायरीवर ठेवले. एक क्षण मला वाटलं चढते.

मग आप्पांनी तिकडून नुसतं चुकचुक केलं. तिने पाय काढून घेतले.

गाडी सुटली. मागच्या खिडकीतून पाहत होतो. दोघं घराकडे चालले होते. आप्पा दम घ्यायला थांबले की ती थांबायची, ते निघाले की निघायची. मागे कोणी वळून पाहिलं नाही. मागून पाहता तब्येत चांगली वाटली. दोघांचीही.

कंडक्टर येऊन म्हणाला, कुठे? मला पटकन सांगता येईना. तो परत म्हणाला, साहेब, कुठे जायचं? मी म्हटलं, म्हसावद.

तो म्हणाला, ही नंदुरबारपर्यंतच जाते.